सह्याद्रीच्या खुरट्या झाडोऱ्यात पार्मोट्रेमा टिंक्टोरम कसे ओळखावे

महाबळेश्वर, पाचगणी, भीमाशंकर, आंबोली यांसारख्या सह्याद्रीच्या माथ्यांवर वारा, मुसळधार पाऊस आणि जांभ्यावरील मातीचा पातळ थर यांमुळे झाडे फारशी उंच वाढत नाहीत. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा आणि गेळा यांच्या अशा खुरट्या झाडोऱ्यात पावसाळ्यानंतर गेल्यास खोडांवर आणि जाड फांद्यांवर राखाडी रंगाचे, कडा किंचित उचललेले, तळहाताएवढे किंवा त्याहूनही मोठे पापुद्रे चिकटलेले दिसतात. त्या सर्वांना आपण सरसकट दगडफूल म्हणतो. प्रत्यक्षात एकाच खोडावर अशा पाच-सहा वेगवेगळ्या जाती शेजारी शेजारी वाढत असू शकतात. त्यांपैकी पार्मोट्रेमा टिंक्टोरम ही आकाराने मोठी, बऱ्यापैकी आढळणारी आणि नवशिक्याला खात्रीने ओळखता येण्याजोगी जात असल्यामुळे लायकेनांचा अभ्यास तिच्यापासून सुरू करणे सोयीचे ठरते.

लायकेन, म्हणजेच शैवाक, ही एकच एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन आहे, हे स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडले, तेव्हा त्या काळच्या अनेक मान्यवर अभ्यासकांना ते पटले नव्हते. पार्मोट्रेमामध्ये बुरशीच्या धाग्यांच्या जाळ्यात ट्रेबूक्सिया नावाचे हिरवे शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करून अन्न तयार करते आणि बुरशी त्याला आसरा देते. या जिवाला मुळे नसतात. पाणी तो संपूर्ण पृष्ठभागाने शोषून घेतो, आणि झाडाच्या आतून काहीही घेत नाही. त्यामुळे ‘हे बांडगूळ आहे, खरवडून काढा’ हा बागांमध्ये वारंवार दिला जाणारा सल्ला निराधार आहे.

या जातीचे पहिले वर्णन कॅनरी बेटांवरील नमुन्यांवरून झाले. १८७२ मध्ये विल्यम नायलँडर यांनी ते पार्मेलिया टिंक्टोरम या नावाने प्रसिद्ध केले आणि १९७४ मध्ये अमेरिकन लायकेनतज्ज्ञ मेसन हेल यांनी ती पार्मोट्रेमा प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, हलवली. तिच्यातील लेकॅनोरिक आम्लापासून अमोनियाच्या साहाय्याने जांभळा रंग मिळतो, आणि जातीच्या नावातील ‘रंगाऱ्यांचे’ हा अर्थ तिथूनच आला आहे. हेच आम्ल पुढे ओळख पक्की करताना आपल्या उपयोगी पडणार आहे.

निघण्यापूर्वीची तयारी

साहित्य फार लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे खिशात मावेल असे भिंग, पाण्याची फवारणी करणारी छोटी बाटली, बोथट टोकाचा चिमटा, धारदार पाते, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि वही एवढे पुरे. भिंग वापरताना ते वस्तूजवळ धरून दुरून पाहण्याची सवय अनेकांना असते. ती मोडावी लागते. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून धरावे आणि मग स्वतःच खोडाच्या इतके जवळ जावे की दृश्य स्पष्ट होईल. ज्यांना हे जमत नाही त्यांना लायकेनांमधले काहीच नीट दिसत नाही, आणि मग दोष लायकेनांना दिला जातो.

दोन रसायने मात्र घरी किंवा मुक्कामाच्या जागी ठेवावीत. पहिले म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दहा टक्के द्रावण, ज्याला लायकेन अभ्यासक ‘के’ म्हणतात. ते प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते. दुसरे म्हणजे ‘सी’, अर्थात सोडियम हायपोक्लोराइट, जे कपडे पांढरे करण्याच्या साध्या, रंग आणि सुगंध न मिसळलेल्या द्रव ब्लीचच्या रूपात वाण्याकडेही मिळते. के हे त्वचा जाळणारे अल्कली आहे, म्हणून ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. ब्लीच कधीही आम्लात किंवा अमोनियात मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतात. ब्लीच जुने झाले की निकामी होते आणि निकामी ब्लीच आपल्याला खोटे उत्तर देते, म्हणून दर काही महिन्यांनी नवी बाटली घ्यावी. काही अभ्यासक पॅरा-फेनिलीनडायअमीन हे तिसरे रसायनही वापरतात, पण ते विषारी आहे, आणि आपल्या जातीसाठी त्याची गरज नसल्यामुळे हौशी अभ्यासकाने त्याच्या वाटेला न जाणेच योग्य.

सराव मसाल्याच्या डब्यातून

रानात जाण्यापूर्वी एक संध्याकाळ घरी घालवावी, असे मी आग्रहाने सांगेन. गोड्या मसाल्यासाठी वाण्याकडून आणलेले दगडफूल ही एक जात नसते. त्यात पार्मोट्रेमाच्या अनेक जाती आणि हिमालयातून येणारी एव्हर्निॲस्ट्रम सिऱ्हॅटमसारखी अरुंद पट्ट्यांची दगडफुलेही मिसळलेली असतात. मूठभर दगडफूल पसरट ताटलीत पाण्यात भिजत घालावे. काही मिनिटांत ठिसूळ तुकडे मऊ होतात आणि वरच्या बाजूला हिरवट छटा येते, कारण लायकेनाची ओली झालेली साल, म्हणजे त्याचे वरचे आवरण, पारदर्शक होऊन आतले शैवाल दिसू लागते. मग तुकडे पांढऱ्या कागदावर मांडून वेगळे करावेत: अरुंद, नळीसारखे वळलेले आणि कडेला काळे केस असलेले एका बाजूला, रुंद गोलसर पाळ्यांचे, म्हणजे कडेला पानांसारखे विभागलेले, दुसऱ्या बाजूला. रुंद तुकड्यांमध्येही कडेला केस असलेले आणि नसलेले असे दोन गट पडतात. यानंतर प्रत्येक तुकड्याचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा आणि पुढे सांगितलेल्या दोन गोष्टींमधला फरक इथेच शिकून घ्यावा, कारण सारी ओळख त्यावर उभी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आयसिडिया. वरच्या पृष्ठभागावर उभे राहिलेले, सूक्ष्म दंडगोलाकार, कधी शाखा फुटलेले हे उंचवटे असतात. त्यांच्यावर सालीचे आवरण असते, म्हणून ते गुळगुळीत दिसतात आणि बोट फिरवले तर खरखरीत लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे सोरेडिया. हे आवरण नसलेले बुरशी आणि शैवालाचे कण असून ते बोटाला पिठासारखे लागतात. अनेकदा पाळीच्या कडेवर त्यांची फिकट पट्टी तयार झालेली असते. दोन्हींचे काम एकच, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी न तोडता नव्या जागी रुजवणे. पार्मोट्रेमा टिंक्टोरमला आयसिडिया असतात, सोरेडिया कधीच नसतात. हा फरक घरच्या टेबलावर स्पष्ट झाला नाही तर वाऱ्याने हलणाऱ्या फांदीवर तो होण्याची शक्यता फारच कमी.

ज्या तुकड्यांवर रसायन टाकले जाईल ते पुन्हा मसाल्यात जाऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगितलेले बरे.

कुठे आणि केव्हा पाहावे

महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत तिथे राज्यातील सर्वाधिक पावसांपैकी एक पडतो. पावसाळ्यात लायकेन वाढत असतात, परंतु निसरडी वाट, जळवा आणि धुके यांमुळे तेव्हा निरीक्षण जमत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी दव असताना गेल्यास पापुद्रे मऊ मिळतात आणि उलटून पाहताना मोडत नाहीत.

या जातीला भरपूर उजेड लागतो. गर्द सावलीच्या रानात खोलवर ती क्वचितच मिळते, तर झाडोऱ्याच्या कडेला, पठाराच्या टोकाशी, एकट्या वाढलेल्या झाडांवर आणि उघड्या खडकांवर ती चांगली वाढते. खरखरीत, पण दरवर्षी न सोलणारी साल तिला मानवते. पेरूसारख्या पापुद्रे टाकणाऱ्या सालीवर तिला टिकाव धरता येत नाही. पाचगणीच्या रस्त्यांकडेला लावलेल्या सिल्व्हर ओकच्या खोडांवरही दगडफुलांची दाटी दिसते, म्हणून चालायला त्रास होणाऱ्या अभ्यासकांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही. कारवीच्या दाट बेटांत मात्र वेळ घालवू नये: कारवी सात वर्षांनी फुलते आणि मरते, आणि मोठे लायकेन बहरायला तेवढा काळ सहसा अपुरा पडतो.

झाडापाशी काय पाहावे

प्रथम आकार पाहावा. पूर्ण वाढलेले पार्मोट्रेमा टिंक्टोरम वीस-तीस सेंटिमीटर व्यासाचे होऊ शकते आणि त्याच्या पाळ्या साधारण एक ते दोन सेंटिमीटर रुंद, टोकाशी गोलसर असतात. पाळ्यांची रुंदी दोन-तीन मिलिमीटरच असेल आणि पापुद्रा सालीला घट्ट चिकटला असेल, तर ती दुसरीच प्रजाती असते. हेटरोडर्मिया, पिक्सीन यांसारख्या अरुंद पाळ्यांच्या प्रजाती याच झाडांवर मुबलक आढळतात. दाढीसारखे लोंबणारे अस्निया आणि ओले झाल्यावर निळसर काळे, जेलीसारखे होणारे लेप्टोजियम यांच्याशी गोंधळ होण्याचे कारणच नाही.

त्यानंतर कड पाहावी. पट्टी लावून पाळीच्या टोकापासून बाजूपर्यंत भिंग फिरवावे. कडेला काळे केस दिसले तर ती आपली जात नव्हे. अशा वेळी आयसिडियाही असतील तर पार्मोट्रेमा क्रिनिटमचा विचार करावा, आणि केसांसोबत कडेला पिठूळ सोरेडिया असतील तर पार्मोट्रेमा पर्लेटम किंवा पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम यांचा. रेटिक्युलेटमच्या पृष्ठभागावर पांढऱ्या सूक्ष्म रेघांचे जाळे असते आणि पुढे त्याच जाळ्याच्या भेगा पडतात. एकदा हे जाळे नजरेत भरले की ती जात दुरूनही ओळखू येते.

कड केसविरहित निघाली तर पृष्ठभागाकडे वळावे. आयसिडिया अगदी बाहेरच्या कोवळ्या पट्ट्यात नसतात. ते थोडे आत सुरू होतात आणि मध्यभागी इतके दाट होतात की तो भाग गडद, खडबडीत थरासारखा दिसतो. म्हणून कडेकडून मध्याकडे सलग पाहत जावे. केवळ मध्यभाग पाहिला तर तिथले आयसिडिया तुटून पडल्यामुळे उरलेले पांढरे ठिपके सोरेडियासारखे भासतात. गोगलगायींनी आणि सूक्ष्म कीटकांनी खरवडलेल्या जागाही पांढऱ्या दिसतात. अशा जागी बोट फिरवून पाहावे: पीठ लागत नसेल तर ते सोरेडिया नव्हेत. बीजाणू धारण करणाऱ्या वाट्या या जातीत क्वचितच येतात, तेव्हा त्या दिसल्या नाहीत म्हणून शंका घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी येते आणि नेमकी तीच सर्वाधिक टाळली जाते. पाळीवर पाणी फवारून मिनिटभर थांबावे आणि चिमट्याने किंवा नखाने तिची मोकळी कड हलकेच उचलून खालची बाजू पाहावी. पार्मोट्रेमा टिंक्टोरमची खालची बाजू मध्यभागी काळी असते आणि तिथे मुळांसारखे आखूड धागे, म्हणजे रायझाइन, विरळ असतात. कडेला मात्र तपकिरी, चकचकीत आणि धाग्यांविना असलेला रुंद पट्टा असतो. हा उघडा तपकिरी पट्टा पार्मोट्रेमा प्रजातीची खूण आहे. कडेपर्यंत धागे पोहोचले असतील तर आपण वेगळ्या प्रजातीकडे पाहत आहोत. मोबाइलवर वरून काढलेल्या छायाचित्रावरून जातीचे नाव विचारणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि तसे नाव सांगणारेही तेवढेच आहेत. परंतु ज्या छायाचित्रात खालची बाजू नाही त्यावरून मोठ्या राखाडी दगडफुलाची जात सांगणे हा अंदाज असतो, ओळख नव्हे.

रंगाची कसोटी

रसायनांनी लायकेन ओळखण्याची पद्धत नायलँडर यांनीच १८६६ मध्ये सुरू केली. झाडावरील जिवंत पापुद्र्यावर रसायन टाकू नये. नखाच्या टोकाएवढा तुकडा पुरेसा असतो आणि तोही जमिनीवर गळून पडलेल्या फांदीवरून घ्यावा. वादळानंतर अशा फांद्या भरपूर मिळतात.

तुकडा कोरडा असताना पात्याने वरची राखाडी साल आणि तिच्याखालचा हिरवा शैवालाचा थर अलगद खरवडून काढावा, म्हणजे आतला पांढरा, कापसासारखा थर उघडा पडतो. टूथपिकच्या टोकावर ‘सी’चा अगदी लहान थेंब घेऊन तो या पांढऱ्या थराला लावावा. पार्मोट्रेमा टिंक्टोरममध्ये तो भाग तत्काळ लालभडक होतो. हा रंग लेकॅनोरिक आम्लामुळे येतो आणि काही वेळा लवकरच फिका पडतो, म्हणून थेंब लावताना नजर भिंगातून हलवू नये. त्यानंतर दुसऱ्या तुकड्याच्या वरच्या सालीवर ‘के’चा थेंब लावावा, सालीतील ॲट्रॅनोरिनमुळे ती पिवळी होते. तिसऱ्या तुकड्याच्या पांढऱ्या थरावर ‘के’ लावल्यास मात्र काहीही बदल दिसत नाही. रेटिक्युलेटममध्ये याच ठिकाणी पांढरा थर आधी पिवळा आणि मग रक्तासारखा लाल होतो, कारण त्यात सॅलॅझिनिक आम्ल असते.

केवळ लाल रंग दिसला म्हणून जात ठरली असे समजू नये. पार्मोट्रेमा ऑस्ट्रोसायनेन्स या जातीतही लेकॅनोरिक आम्ल असते, तिच्या कडेलाही केस नसतात आणि तीही ‘सी’ने लाल होते, पण तिच्या कडेवर सोरेडिया असतात, आयसिडिया नसतात. उलट, पार्मोट्रेमा सॅकॅटिलोबमला आयसिडिया असतात आणि केस नसतात, पण तिचा पांढरा थर ‘सी’ने लाल होत नाही. त्यामुळे केसविरहित कड, आयसिडिया, खालचा उघडा तपकिरी पट्टा आणि ‘सी’ने लाल होणारा आतला थर या चारही गोष्टी एकाच नमुन्यात मिळाल्या तरच पार्मोट्रेमा टिंक्टोरम असे लिहावे. एक जरी निसटली तरी नोंदीत ‘पार्मोट्रेमा, जात अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. त्यापुढे जायचे असेल तर डॉ. धरणीधर अवस्थी यांनी भारत आणि नेपाळमधील मोठ्या लायकेनांसाठी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेली ओळख-किल्ली वापरावी. तिच्यातील काही नावे आता बदलली असली तरी लक्षणे तीच आहेत.

नोंद आणि नमुना

वहीत झाडाची जात, जमिनीपासूनची उंची, खोडाची दिशा, सालीचा पोत, उजेड, रस्त्यापासूनचे अंतर, तारीख आणि ठिकाण लिहावे. रस्त्यापासूनचे अंतर लिहिण्याला कारण आहे. लायकेनांना सालीसारखे संरक्षण असले तरी हवेतले वायू आत येण्यापासून रोखण्याची सोय नसते, आणि सल्फर डायऑक्साइडने त्यांचे शैवाल लवकर मरते. जपानमध्ये उमेनोकिगोके या नावाने ओळखली जाणारी हीच जात हवेच्या प्रदूषणाचा अंदाज घेण्यासाठी वापरली गेली आहे. महाबळेश्वरच्या बाजारपेठेतील झाडे आणि लिंगमळ्याकडील झाडे यांच्यावरील पापुद्र्यांचा आकार मोजून तुलना करणे हा शाळा-महाविद्यालयांसाठी चांगला प्रकल्प होऊ शकतो, मात्र दोन्हीकडे एकाच जातीची, साधारण सारख्याच जाडीची झाडे निवडली तरच तुलनेला अर्थ राहतो.

नमुना गोळा करण्याबाबत नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत, कारण असा पापुद्रा वर्षाला काही मिलिमीटर एवढाच पसरतो. कोयना, राधानगरी किंवा भीमाशंकर यांसारख्या अभयारण्यांत वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे मनाई आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे, आणि तिथेही वनजमिनीवर जाण्यापूर्वी स्थानिक वन कार्यालयात विचारणा करावी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या किंवा परदेशी स्थायिक असलेल्या मराठी अभ्यासकांनी हेही लक्षात घ्यावे की २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार संशोधनासाठी नमुना घेण्याआधी त्यांना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते.

परवानगी असेल तेव्हा एका पापुद्र्याचा कडेपासून मध्यापर्यंत जाणारा छोटा भाग घ्यावा, म्हणजे कोवळी कड, आयसिडिया आणि खालची बाजू ही तिन्ही त्यात येतात. तो ओला असताना सोडवावा, सावलीत हवेवर वाळवावा आणि कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला नमुना ठेवला तर दुसऱ्याच बुरशीची वाढ होते आणि तो वाया जातो. घरात इतर नमुने असतील तर नवे पाकीट काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावे, त्यामुळे नमुने खाणारे कीटक मरतात. पाकिटावर बॉलपेनऐवजी पेन्सिलीने किंवा न पसरणाऱ्या शाईने सर्व नोंदी लिहाव्यात, रसायनांचे निकालही तारखेसह द्यावेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर हर्बेरियममध्ये पश्चिम घाटातील लायकेनांचा मोठा संग्रह आहे. आपला नमुना तिथल्या नमुन्याशी ताडून पाहायचा असेल तर आधी पत्र लिहून वेळ घ्यावी आणि सोबत पाकीट, खालच्या बाजूचे छायाचित्र आणि वहीतील मूळ पानाची प्रत न्यावी.